लट लावल्यावर जळालेल्या ज्योती: काय केलं

रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीचं फुटेज, एस-लॉग३ मधलं (सोनी कॅमेऱ्याचं फिकं, लॉग रेकॉर्डिंग). रेक.७०९ चा (नेहमीच्या एचडी पडद्याच्या रंगांचा) लट, म्हणजे एलयूटी, रंग बदलून देणारा तक्ता, लावताच ज्योती सपाट पांढऱ्या. लटच्या पुढच्या नोडमध्ये (रंगदुरुस्तीच्या टप्प्यात) हायलाइट्स कितीही उतरवा, पांढऱ्याचं राखाडी होतं, एवढंच. लटने कापलेला तपशील मागून परत येत नाही. म्हणून दा विंची रिझॉल्व या रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये लटच्या आधी एक नोड घातला, तिथे गेन (उजळ भागांची पातळी) खाली घेतला. केशरी रंग परतला. चेहरे काळवंडले, तर त्याच नोडमध्ये गॅमा (मधल्या छटांची पातळी) थोडा उचलला.

आकाशात पट्टे दिसत होते. लटच्या ३३ बिंदूंच्या क्यूबमध्ये (३३×३३×३३) ३५,९३७ नोंदी, मधले रंग अंदाजानेच! कलर मॅनेजमेंटमध्ये इंटरपोलेशन (हा अंदाज काढायची पद्धत) ट्रायलिनियरऐवजी टेट्राहेड्रल केल्यावर पट्टे बरेच निवळले.

लुकचा (खास रंगछटा देणारा) लट वेगळ्या, शेवटच्या नोडवर, त्या नोडचा ‘की आउटपुट गेन’ (परिणामाचा जोर) ०.५ च्या आसपास. पूर्ण जोरात तो लग्नाच्या व्हिडिओलाच शोभतो.