ड्रोनचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर अडखळतो तेव्हा

आधी तीच फाइल नव्या मोबाइलवर चालवून पाहा. तिथेही नेमक्या त्याच सेकंदाला अडकली, तर दोष चित्रीकरणातच आहे. बहुतेकदा ड्रोनमधले मेमरी कार्ड मंद असते. ४के साठी व्ही३० (लिहिण्याचा किमान वेग सांगणारी) खूण असलेलेच घ्या. मोबाइलवर सुरळीत चालली, तर कॉम्प्युटर कमी पडतोय.

फाइल कार्डावरून थेट चालवू नका, आधी एसएसडीवर कॉपी करा. तरी व्हिडिओचा डेटा सेकंदाला १०० मेगाबिट असला, तर तो म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट, एवढे साध्या हार्ड डिस्कलाही झेपते. खरा घोळ असतो तो एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) उलगडण्याचा, म्हणजे डीकोड करण्याचा.

व्हिडिओ चालू ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू (ग्राफिक्सची चिप) उघडा. ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख तळाशी सपाट आणि सीपीयू शंभराला टेकलेला दिसला, की समजा सगळा भार प्रोसेसर एकटा ओढतोय. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स इथे हार्डवेअर डीकोडिंग ‘ऑटोमॅटिक’ करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करा आणि व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ८-बिट (रंगछटांची बारकाई) एच.२६५ हार्डवेअरने उलगडण्याची सोय आहे. १०-बिटची पूर्ण सोय सातवीपासून. त्याहून जुन्या मशीनवर सेटिंग बदलून बहुधा फरक पडणार नाही.

अशा वेळी हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये १०८०पी, एच.२६४ (जुनी, उलगडायला हलकी पद्धत) प्रत काढा, फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ ठेवा. मूळ फाइल मात्र पुसू नका! डीजेआयच्या काही ड्रोनच्या कार्डावर एलआरएफ नावाची हलकी प्रत आयतीच असते. तिची कॉपी करून फाइलच्या नावाच्या शेवटी एलआरएफऐवजी एमपी४ लिहिले की ती चालते.