लाइव्ह बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये गायकच ऐकू येतो, ढोलकी-गिटार गायब, असं होत असेल तर हे करून बघा

प्रोग्राम नाशिकच्या कालिदास कलामंदिरात एकदम भारी झालेला असतो, समोर बसलेले लोक खुश, आणि दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून घेतलेलं रेकॉर्डिंग लावलं की नुसता गायक आणि कीबोर्ड, ढोलकी कुठेतरी लांब आणि लीड गिटार तर नाहीच. मग सगळे साउंडवाल्याला बोल लावतात, पण त्याचं काही चुकलेलं नसतं. तो मिक्स हॉलसाठी करतो. बंद हॉलमध्ये ड्रम, ढोलकी, गिटारचा अ‍ॅम्प हे स्टेजवरूनच लोकांपर्यंत पोचतात म्हणून त्यांचे फेडर (मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) खाली, आणि गायकाचा आवाज स्पीकरमधूनच जायचा असतो म्हणून तो वर, आणि तुम्ही मेन आउट, म्हणजे हॉलच्या स्पीकरला जाणारा मिक्स, रेकॉर्ड केलं की जे हॉलला कमी पडत होतं तेवढंच तुमच्या हाती येतं. गोदाघाटावर उघड्यावर हा त्रास बराच कमी होतो कारण तिथे सगळंच स्पीकरमधून जातं.

म्हणून पहिलं काम साउंडचेकलाच करायचं. साउंडवाल्या दादांना आधी भेटून एक वेगळा ऑक्स (मिक्सरमधून निघणारं स्वतंत्र आउटपुट) मागा, प्री-फेडर, म्हणजे ते हॉलसाठी फेडर वरखाली करतील त्याचा तुमच्यावर परिणाम होत नाही, आणि त्यात ढोलकी, ड्रम, गिटार जरा जास्त, गायक जरा कमी ठेवा. हे ठरवताना कान पूर्ण झाकणारा हेडफोन लागतो, आणि स्टेजजवळ कानाला कितीही दाबला तरी बाहेरचं ऐकू येतंच, म्हणून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन ऐका. डिजिटल मिक्सर असेल तर विचारा की यूएसबीवरून मल्टिट्रॅक मिळेल का, बेहरिंगर एक्स३२ सारख्यावर ३२ चॅनल वेगवेगळे लॅपटॉपवर घेता येतात, मग तर बॅलन्स घरी निवांत करा.

दुसरं म्हणजे हॉलमध्ये एक स्टिरिओ रेकॉर्डर लावाच. मधल्या रांगेत, डोक्यांच्या वर, स्पीकरच्या तोंडासमोर नाही आणि बाल्कनीखाली तर अजिबात नाही. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात जोरातल्या गाण्याला पीक -१२ डीबीच्या आसपास जाईल, फॉरमॅट २४ बिट, आणि ऑटो लेव्हल बंद, कारण ऑटोमध्ये ड्रम वाजला की गाणं खाली बसतं आणि शांतता आली की पंख्याचा आवाज वर येतो. नाशिक ढोल असेल तर मात्र रेकॉर्डर पथकापासून चांगला लांब न्या आणि लो-कट (खालचे जाड आवाज कापणारं बटण) बंद ठेवा, नाहीतर ढोलाचा दणकाच निघून जातो आणि नुसता ताशा कानात टोचत राहतो.

आता घरी दोन्ही ट्रॅक एकावर एक ठेवा. आवाज एका सेकंदात साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद, रेकॉर्डर १५ मीटरवर असेल तर हॉलचा ट्रॅक ४४ मिलिसेकंदाच्या आसपास उशिरा येतो आणि ढोलकीची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते. एक ठळक थाप शोधा, झूम करा, हॉलचा ट्रॅक तेवढा डावीकडे ओढा, म्हणजे तो तेवढा आधी वाजेल. आणि हे प्रत्येक गाण्याला परत तपासा, दोन वेगळ्या मशीनची घड्याळं तासाभरात एकमेकांपासून सरकतात, सुरुवातीला जुळलेलं शेवटी जुळत नाही. हे खूप जण सोडून देतात आणि मग म्हणतात की हॉलचा ट्रॅक मिसळला की सगळं गढूळ होतं.

मिक्स करताना आधी मिक्सरचा ट्रॅक, मग हॉलचा हळूहळू वर आणा, ढोलकी जिवंत वाटायला लागली की थांबा. इक्यूमध्ये (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करतात ते) वाढवण्यापेक्षा कापणं बरं: मल्टिट्रॅक असेल तर गायकाला ८०-१०० हर्ट्झच्या खाली काही लागत नाही, सगळं भरल्यासारखं वाटत असेल तर २५० ते ४०० हर्ट्झमध्ये थोडं काढा, शब्द कळत नसतील तर ३ ते ४ हजार हर्ट्झला अगदी एक-दोन डीबी वाढवा. बेस गिटार आणि ढोलकीची जाड बाजू एकाच जागेत भांडतात, तिथे एकालाच वाट द्या, मी ढोलकीला देते कारण आपल्या गाण्यांचा ठेका तिच्यावर उभा असतो.

मेन आउटचं जुनं रेकॉर्डिंग तेवढंच हातात असेल तरी सोडून देऊ नका, त्या दिवशी प्रेक्षकांत कोणी ना कोणी मोबाइलवर व्हिडिओ घेतलेलाच असतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर दाबलेला नको, ओरिजिनल फाइल मागून घ्या, त्यात ड्रम-ढोलकी आणि टाळ्या आहेत, वरच्यासारखाच जुळवून खाली मिसळा.