मूडलवर क्विझ पास होऊनही पुढचा धडा लॉकच राहतो? माझा अनुभव

सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या बायकांसाठी कटिंगचा ऑनलाइन कोर्स मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) बनवलाय. बाहीचा व्हिडिओ न बघताच सगळ्या डायरेक्ट कॉलरवर उड्या मारायच्या म्हणून मध्ये छोटी क्विझ टाकली, पास झालं की पुढचं उघडेल अशी. तर पैकीच्या पैकी मार्क पडले तरी कॉलरला कुलूप ते कुलूपच. कॅश क्लिअर केली, ब्राउझर बदलला, क्विझ उडवून परत बनवली, काही नाही. डोकं फिरायची पाळी आली.

जे चाललं ते ह्याच क्रमाने करा. आधी कोर्स सेटिंग्जमध्ये कम्प्लिशन ट्रॅकिंग (कुणी काय पूर्ण केलं याची नोंद) चालू. मग क्विझच्या सेटिंग्जमध्ये ग्रेड विभागातला 'ग्रेड टू पास' रकाना भरा, सगळी गोम इथंच आहे, तो रिकामा असला की मूडलच्या लेखी कुणी पासच होत नाही. 10 पैकी 6 हवेत तर 6 लिहायचं, 60 नाही. मग खाली अ‍ॅक्टिव्हिटी कम्प्लिशनमध्ये पासिंग ग्रेडची अट टाका (आधी कुणी क्विझ सोडवली असेल तर हा भाग लॉक दिसतो, अनलॉक करावा लागतो). शेवटी कॉलरच्या धड्यात रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेसमध्ये (धडा कधी उघडायचा ते ठरवणारा भाग) ती क्विझ निवडून 'पास ग्रेडसह पूर्ण' ही अट. शेजारचं डोळ्याचं चिन्ह उघडंच ठेवा, बंद केलं तर धडाच गायब होतो आणि मग दिवसभर फोन, "ताई, कॉलर कुठं गेली ओ?"

तपासायला डमी विद्यार्थ्याचं लॉगिन वापरा, शिक्षकाच्या लॉगिनला सगळंच उघडं दिसतं.