जुना लॅपटॉप माळ्यावरून काढताना
नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात आयटीत नोकरी करणाऱ्याच्या माळ्यावर एखादा बंद लॅपटॉप सापडतोच. (आमच्याकडे दोन निघाले.) तो किलोच्या भावाने भंगारात घालू नका, तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की तो धूर आपल्याच नाकात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे रिसायकलरकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी लागते. ती बिनदिक्कत विचारा, पावती घ्या.

देण्याआधी फाइल नुसत्या डिलीट करून भागत नाही. आधी डिस्क (जिथे फाइल साठतात तो भाग) एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करा, मग लॅपटॉप फॅक्टरी रीसेट करा. मशीन सुरूच होत नसेल आणि डिस्क निघत असेल तर काढून घ्या. टचपॅड वर उचललेला दिसला तर बहुधा बॅटरी फुगलीय: चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला तर मुळीच जाऊ नका, आणि घ्यायला येणाऱ्याला तसं आधीच सांगा.