मुलांसह स्पेनचा रिमोट-वर्क व्हिसा: सोलापुरातून कागद कसे जमवायचे

लॅपटॉपवरचं काम घेऊन सगळं घर वर्षभरासाठी स्पेनला न्यायचं, तर अर्जाचा फॉर्म एका दुपारी भरून होतो. महिने जातात ते मुलांच्या कागदांत. म्हणून सुरुवात तिथूनच करायची. पण त्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण त्या बसत नसतील तर पुढची धावपळ वाया.

पहिली गोष्ट पैशाची. मुख्य अर्जदाराचं उत्पन्न स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट लागतं. सोबतच्या पहिल्या माणसासाठी त्या वेतनाचे ७५ टक्के आणि पुढच्या प्रत्येकासाठी २५ टक्के वर दाखवावे लागतात. २०२५ चं किमान वेतन १,१८४ युरो, पण ते वर्षाला १४ हप्त्यांत मिळतं; १२ महिन्यांवर वाटलं की महिना १,३८१ होतात. नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर २,७६३, त्यात १,०३६, त्यात दोनदा ३४५, म्हणजे महिना साधारण ४,४९० युरो. बरेच जण १,१८४ चीच दुप्पट करतात आणि तिथेच हिशेब कमी पडतो. आकडा बदलत राहतो, तेव्हा ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचाच धरा.

दुसरी गोष्ट सामाजिक सुरक्षेची, आणि भारतीय नोकरदारांचं गाडं खरं अडतं ते इथे. पगारी कर्मचाऱ्याचा पीएफ मायदेशी चालू राहणार असेल, तर स्पेन तसं कव्हरेज सर्टिफिकेट मागतो. आपल्याकडे पीएफचा कारभार पाहणारी ईपीएफओ ते फक्त भारताशी सामाजिक सुरक्षेचा करार झालेल्या देशांसाठी देते. त्या यादीत पोर्तुगाल आहे, स्पेन नाही. मग कंपनीला स्पेनमध्ये नोंदणी करावी लागते आणि त्याला फार थोड्या कंपन्या तयार होतात. एचआरला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. फ्रीलान्सरला मात्र वाट आहे: तिथे ‘आउतोनोमो’, म्हणजे स्वयंरोजगार करणारा, म्हणून आपली नोंदणी स्वतः करायची. क्लायंट कंपनी किमान वर्षभर जुनी आणि तिच्याशी कामाचा संबंध किमान तीन महिन्यांचा हवा. स्पॅनिश कंपन्यांचं काम एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच चालतं.

आता मुलांचे जन्मदाखले बाहेर काढा आणि टेबलावर पासपोर्टशेजारी ठेवा. अक्षर न् अक्षर जुळवा. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांतून आलेली नावं आपल्या सोलापुरात इंग्रजीत दहा तऱ्हांनी लिहिली जातात. आईचं नाव लक्ष्मी असेल तर दाखल्यावर ‘एक्स’ आणि पासपोर्टवर ‘के-एस-एच’, एवढ्यावरही शंका निघते. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. काही जुन्या दाखल्यांत तर बाळाच्या नावाची जागाच कोरी असते, कारण नोंद बारशाआधी झालेली. हे सगळं महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात दुरुस्त होतं. जन्म गावात झाला असेल तर ग्रामपंचायतीत. नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर वेळ मारून नेण्यापेक्षा मूळ नोंदच दुरुस्त करून घ्या. पुढे शाळेत, निवास परवान्यात, नूतनीकरणात तोच दाखला पुन्हा पुन्हा लागतो.

दाखला लॅमिनेट केलेला असेल तर तो या कामाला गेला. जपून ठेवायचं म्हणून आई-आजीनं प्रेमानं प्लॅस्टिकमध्ये घातलेला असतो, पण त्यावर पुढच्या सरकारी पडताळणीचा शिक्का उमटत नाही. नवी प्रत काढा, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेली.

लग्नाचं प्रमाणपत्र म्हणजे महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालच्या नोंदणीचं. मंगल कार्यालयाची पावती किंवा पत्रिका नव्हे. मुख्य अर्जदाराला पदवी लागते, नाहीतर तीन वर्षांचा अनुभव. सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं. त्याआधी पदवी घेतली असेल तर ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, आणि पडताळणीही तिथूनच.

पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठराव्या वर्षापर्यंतचा, यांपैकी जे आधी संपेल तेवढा असतो. मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर आधी नवा काढा. सोलापूरचा कारभार पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी (नावावर गुन्हा नसल्याचं प्रमाणपत्र), मोठ्यांनाच लागते. ती सगळ्यात शेवटी काढा, कारण सहा महिन्यांहून जुनी चालत नाही. पासपोर्टवर पुण्याचा पत्ता आणि राहणं सोलापुरात, अशी स्थिती असेल तर पत्ता आधी बदलून घ्या, नाहीतर पोलीस पडताळणी दोन शहरांमध्ये लोंबकळत राहते.

यानंतर अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन. जन्म, लग्न आणि पदवीच्या कागदांवर आधी राज्य शासनाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. पीसीसी पासपोर्ट कार्यालयाचीच असल्यानं तिला राज्याचा टप्पा लागत नाही. स्पॅनिश भाषांतर अपोस्टिलनंतरच करून घ्या, तेही स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयानं मान्य केलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून. घाईत आधी भाषांतर केलं तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि पैसे दोनदा जातात.

विमा स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा हवा, प्रत्येक मुलाचं नाव असलेला आणि उपचाराच्या वेळी खिशातून काही भरावं न लागणारा. प्रवासी विमा नाकारला जातो.

आई-वडिलांपैकी एक जण मागे राहणार असेल तर त्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं, त्यावरही अपोस्टिल आणि भाषांतर. घटस्फोट झाला असेल तर ताब्याबद्दलचा कोर्टाचा आदेश. हा कागद राहिला तर मुलाचा अर्ज पुढे सरकत नाही.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. सकाळची वेळ मिळाली तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा. वंदे भारत मुंबईत पोहोचते दुपारी. प्रत्येक मुलाची फाईल वेगळी ठेवा: फॉर्म, फोटो, पासपोर्ट, जन्मदाखला, विमा. जन्मदाखला एकाच फाईलला लावून ‘तिकडे आहे’ म्हणणं चालत नाही. निर्णयाची कायदेशीर मुदत कामाचे १० दिवस आहे, पण जादा कागद मागितले की ती लांबते. मागणीचा ईमेल स्पॅममध्ये पडलेला नाही ना, हे रोज पाहा.

शाळा सोडल्याचा दाखला व्हिसा हातात पडेपर्यंत काढू नका, नाहीतर नकार आला तर मूल वर्षाच्या मध्यात शाळेबाहेर राहतं. व्हिसा मिळाला की दाखला घ्या आणि लसीकरणाचं कार्डही सोबत ठेवा. स्पेनमध्ये ६ ते १६ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं आहे, आणि सरकारी शाळेच्या प्रवेशासाठी आधी नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. घर भाड्यानं घेताना त्या पत्त्यावर मुलांसकट सगळ्यांची नोंद करू देणार का, हे मालकाला ॲडव्हान्स देण्याआधी विचारून घ्या.