एक्स्चेंजेबल म्हणजे पैसे परत नव्हे! कुठे कसं वापरायचं ते बघा

बाजारात कपड्याच्या दुकानात पाटी असते ना, "एकदा विकलेला माल बदलून किंवा परत घेतला जाणार नाही", त्या एका पाटीत इंग्रजीचे दोन शब्द बसलेत. बदलून मिळतो तो एक्स्चेंजेबल, माल घेऊन पैसे हातात देतात तो रिफंडेबल. लोकं इथेच गडबडतात, ऑनलाईन काही मागवलं की खाली एक्स्चेंजेबल दिसतं आणि धरून चालतात की नाही आवडलं तर पैसे येतील, येणार नाहीत, फार तर दुसरा साईज येईल. आणि मुदत पण बघा हां, गणपतीला चाकरमान्याने दादरवरून आणलेला फ्रॉक सात दिवसांत एक्स्चेंजेबल असला तरी मालवणात बसून त्याचं काय करायचं.

वाक्यात असा घाला: "धिस फ्रॉक इज एक्स्चेंजेबल विदिन सेव्हन डेज." कशाच्या बदल्यात ते सांगायचं असेल तर पुढे फॉर येतो, "धिस कूपन इज एक्स्चेंजेबल फॉर अ मील". स्पेलिंगमध्ये चेंजचा शेवटचा ई तसाच ठेवायचा, पुढे एबल. उलट अर्थ हवा तर नॉन किंवा नॉट, झालं.

कुठे बदलून मिळेल त्याला ॲट. नोटांवरून चांगलं कळतं हे. २००० ची नोट रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ ला चलनातून काढायचं जाहीर केलं, ७ ऑक्टोबरपर्यंत ती गावातल्या बँकेत एक्स्चेंजेबल होती, एका वेळी २०,००० रुपयांपर्यंत, त्यानंतर फक्त रिझर्व्ह बँकेच्या ठरलेल्या १९ ऑफिसात, म्हणजे आपल्या कोकणाला जवळ पडणारी मुंबई नाहीतर बेलापूर. पण २०१६ ला बंद झालेली जुनी ५०० ची कुणाच्या ट्रंकेत सापडली तर ती आता नॉट एक्स्चेंजेबल, अल्बमात लावा.

इंटरचेंजेबल हा भाऊ वेगळा, त्यात देणंघेणं नाही, एकाच्या जागी दुसरं चालतं एवढंच. माशाच्या कालवणात कोकम आणि चिंच बऱ्याच घरांत इंटरचेंजेबल आहेत, सोलकढीत मात्र चिंच घालून दाखवा कोणाला, जेवायला बसणार नाही.

आता शेतीवाल्यांसाठी, कारण खारजमिनीची माती तपासायला दिली की रिपोर्टवर "एक्स्चेंजेबल सोडियम" येऊ शकतं आणि काही जणांना वाटतं माती बदलून देतायत की काय! खाऱ्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतं, पण कायमचं नाही, जिप्सम टाकलं की त्यातलं कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम गोड्या पाण्याने धुवून जातं, म्हणून ते एक्स्चेंजेबल. ह्याची टक्केवारी १५ च्या वर असली की साधारण सोडिक, म्हणजे सोडियम जास्त झालेली जमीन म्हणतात. जिप्सम किती टाकायचं ते रिपोर्ट दाखवून कृषी अधिकाऱ्यालाच विचारा, आणि आधी बांध नीट आहे ना बघा, भरतीचं पाणी आत येत राहिलं तर सोडियम परत येऊन बसणार.