नाशिकहून आणलेली वाइन घरी ठेवताना

हौसेने आणलेल्या बाटल्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. तिथे ऊब आणि थरथर दोन्ही. एप्रिल-मेमध्ये तर वाइन अक्षरशः शिजते. बूच वर सरकलेलं दिसलं किंवा कडेने चिकट ओघळ आला, की समजा उन्हाळा बाधला. त्यापेक्षा कपाटातला सर्वांत खालचा, अंधारा कप्पा बरा (डांबरगोळ्या मात्र तिथून हलवा). 12-13 अंश उत्तम, पण आपल्याकडे ते कुठलं जमायला! निदान तापमान सारखं वरखाली होऊ देऊ नका. खऱ्या बुचाची बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी चालते. घरात पोरं असतील तर कप्प्याला कुलूप हवंच. महागड्या बाटल्यांचे फोटो आणि पावत्या मोबाइलमध्ये असू द्या, चोरीची तक्रार देताना लागतात.